बारीक आस

हर्णैच्या बंदरात बैलगाड्या थेट पाण्यात उतरतात,
लाटेत उभ्या राहून होड्यांकडून मासळी घेतात.
त्यातल्याच एका रिकाम्या गाडीतून
गोपिका दोरकुळकर कुत्रा घेऊन आली.
नाव तांडेल.
"डॉक्टरीणबाय, ह्यो काल होडीत चढला नाय."
एवढंच. जणू त्याहून मोठं लक्षण नसतंच.

ओठ उचलून पाहिला.
हिरडी शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी,
पांढरी, किंचित चमकणारी, गार.

मी घाटावरची. सात वर्षांत इथं
गोचीड शोधायची सवय लागली आहे:
कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली.
नव्हती. तिचा तापही नव्हता रक्तात.
काचपट्टीवर नुसत्या म्हाताऱ्या पेशी.
रक्त एवढं ओसरलेलं,
अन् तरुण एकही कामावर आलेली नाही.

मग खांद्याच्या हाडात सुई.
मज्जा म्हणजे काय, हे सांगताना म्हटलं,
मटणाच्या नळीत असतं ना, ते.
"ते तर आमी चोखून खातो," ती म्हणाली,
आणि गप्प झाली.

मज्जेत एक मोठी भक्षक पेशी असते.
तिच्याभोवती लाल पेशींची पोरं गोल बसलेली.
ती त्यांना लोह भरवते,
वेळ भरली की प्रत्येकाचं केंद्रक
सुटं होऊन पडतं, तेही आवरते,
वार पुरून टाकणाऱ्या सुईणीसारखी.
हाडाच्या अंधारात, अब्जांनी, रोज.

तांडेलच्या हाडात ही सुईण
पोरंच गिळत होती.
प्रयोगशाळेनं फोटो पाठवला:
तिच्या पोटात तीन, कुठं चार,
अजून गोल, अजून निळसर.
राखणीच्या पेशींतल्याच कुणीतरी
पोरांच्या अंगावर खूण केली होती, परकी म्हणून.
सुईणीनं खूण वाचली.
तिनं तिचं काम केलं.

"बाहेरचा कोन नाय?"
नाही.
"करनी?"
नाही.
"मंग आतल्या आतच?"
हो.
ती बराच वेळ धक्क्याकडे बघत राहिली.
तिच्या दोन दिरांचा एकाच होडीवरून
दापोलीच्या कोर्टात दावा चालू आहे,
हे मला फार नंतर कळलं.

बर्फाच्या कारखान्यातल्या ढवळ्याचं रक्त चढवलं.
कुत्र्याला पहिल्यांदा परकं रक्त बहुधा चालून जातं,
दुसऱ्यांदा मात्र जुळवून बघावं लागतं.
"सोयरीकच झाली म्हनायची," गोपिका म्हणाली,
आणि ढवळ्याला दोन बांगडे घालून आली.

मग गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.
गोळ्या राखणदारांना समजावत नाहीत,
नुसत्या त्यांना पेंगुळवतात.
तांडेल खा खा सुटला, घागरभर पाणी प्यायला,
वाळत घातलेल्या जाळ्यांवर मुतला.
दर सोमवारी रक्त. नव्या पेशी, शून्य.
पुढच्या सोमवारी, शून्य.
पाचव्या सोमवारी मी तिला आकडा सांगितला नाही,
तिनंही विचारला नाही,
गाडीवानाला म्हणाली, चल.

सातव्या सोमवारी निळा रंग घालून काच लावली.
तरुण लाल पेशी निळ्यात ओळखू येते:
आत बारीक जाळी असते तिच्या,
घाईत घर सोडताना आवरायचं राहिलेलं सामान.
एक दिसली.
काच सरकवली, आणखी एक.
हजारात अकरा मोजल्या,
विश्वास बसेना म्हणून परत मोजल्या, तर नऊ.

गोपिकाला बोलावलं.
एक डोळा मिटून, ओल्या हातानं टेबल धरून
ती दुर्बिणीत वाकली. मासळीचा वास माझ्या वहीवर.
"ही जाळी आमची नाय.
येवढ्या बारीक आसाचं जाळं वापरलं
तर सरकार होडी धरल."
पण डोळा काढला नाही तिनं.

मी सांगत होते, गोळ्या अजून चार महिने,
मनानं बंद करायच्या नाहीत, हे परत उलटू शकतं.
ती हं हं म्हणत होती, आतच बघत.
बाहेर तांडेलनं गाडीच्या चाकावर पाय वर केला
आणि बैल एक पाऊल पुढे सरकला.